हँडलबार बॅग: सफरीआधीच्या आणि सफरीनंतरच्या नोंदी

८ जानेवारी

मागच्या सफरीत सगळं सामान मागच्या दोन पॅनियरांत, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत होतं. एखादी वस्तू हवी झाली की सायकल थांबवा, कशाला तरी टेकवा, बकल सोडा, गुंडाळलेलं तोंड उलगडा आणि कोपरापर्यंत हात आत घाला. तिसऱ्या दिवसापासून मी फोटो काढणं सोडून दिलं. भूक लागली तरी ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणत राहायचो आणि संध्याकाळी पायांत त्राण उरायचं नाही. या वेळी पुढे बॅग लावायची. नऊ दिवसांची सफर मार्चच्या सुरुवातीला आहे, म्हणजे हाताशी दोन महिने आहेत.

आज फक्त मापं घेतली. सायकल स्टीलची, ड्रॉप बार (दोन्ही टोकांना खाली वळलेलं हँडल), ७०० × ३८चे टायर. हँडलबार स्टेमपाशी (बारला सायकलशी जोडणाऱ्या दांड्यापाशी) ३१.८ मिमी जाड. जुन्या सायकलींवर तिथे २५.४ किंवा २६ मिमी असतं, त्यामुळे माऊंट, म्हणजे बॅग अडकवायचा बारवरचा आधार, उसनं आणायचं असेल तर हे माप आधी हातात हवं. दोन ब्रेक लिव्हरांच्या मध्ये आतून ३९ सेंमी जागा. बारपासून खाली मडगार्डपर्यंत २४ सेंमी. स्टेमच्या दोन्ही अंगांना जेमतेम तीन-तीन सेंमी बार मोकळा आहे आणि त्यातच सायकल कॉम्प्युटरचा चिमटा बसलाय, तो हलवावा लागणार.

बार ॲल्युमिनियमचा आहे हे बरं. कार्बनचा असता तर त्यावर असं काही आवळायला बार बनवणाऱ्याची परवानगी आहे का, ते आधी वाचावं लागलं असतं.

खरी अडचण वेगळीच निघाली. माझे शिमानो कंपनीचे लिव्हर (ब्रेक आणि गिअर एकातच) जुन्या धाटणीचे आहेत. गिअरच्या केबल लिव्हरच्या आतल्या बाजूने बाहेर पडतात आणि समोर मोठी कमान करून फ्रेमकडे वळतात. नव्या लिव्हरांत त्या बार टेपखालून जातात. ही कमान नेमकी बॅगेच्या जागेवर आहे.

१२ जानेवारी

तीन वाटा दिसतात. एक, डब्यासारखी चौकोनी बॅग, जी माऊंटवर खटकन बसते आणि खटकन निघते. दोन, पट्ट्यांनी बारला आडवी बांधायची वळकटी. तीन, जुनी फ्रेंच पद्धत: पुढच्या चाकावर छोटं कॅरिअर आणि त्यावर टेकलेली कॅनव्हासची मोठी बॅग.

तिसरीचं मला फार आकर्षण आहे. रेने एर्स आणि आलेक्स सँजे यांच्यासारखे फ्रेंच कारागीर सायकल बनवतानाच पुढच्या बॅगेचा विचार करून फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी नळीचा बाक ठरवायचे. वजन खाली कॅरिअरवर टेकायचं, हँडलबार फक्त बॅगेला आधार द्यायचा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या सायकल फेरीच्या १२०० किलोमीटरला अजूनही असल्या बॅगा लावून लोक येतात. पण माझ्या फोर्कला कॅरिअरचे नट नाहीत आणि एका बॅगेसाठी फोर्क बदलायची हौस परवडणारी नाही. वाट बंद.

उरलेल्या दोन्ही प्रकारच्या बॅगा मित्रांकडून उसन्या मिळाल्या. विकत घेण्याआधी दोन्ही चालवून बघतो.

१५ जानेवारी

वळकटी. १४ लिटरची, दोन्ही टोकांना गुंडाळून बंद होणारी, वजन पट्ट्यांसकट ४०० ग्रॅमच्या आत. माऊंट नाही, स्क्रू नाही, मोडण्यासारखं काही नाही. खडबडीत वाटेवर ती जराही वाजली नाही, हे मान्य करायला हवं.

पण ड्रॉप बारवर तिची लांबी लिव्हरांच्या मधल्या ३९ सेंमीतच मावायला हवी. त्याहून जास्त भरली की टोकं ब्रेकच्या बोटांना लागतात. केबलची कमान तिने सरळ दाबून टाकली. मागचा गिअर चढताना अडकायला लागला, कारण बाहेरचं आवरण पिळलं की आतली तार घासते. शिवाय दोन तासांत पट्टे सैल होऊन ती चार बोटं खाली आली आणि मडगार्डला टेकली. मडगार्ड होतं म्हणून आवाज आला आणि कळलं. नसतं तर पट्ट्याचं मोकळं टोक चाकात गेलं असतं. मागच्या चाकात काही अडकलं तर सायकल घसरते, पुढच्यात अडकलं तर माणूस हँडलवरून पलीकडे जातो.

आणि मूळ दुखणं तसंच राहिलं. जॅकेट काढायला थांबावंच लागलं. झोपायची पिशवी, तंबूचं कापड अशा दिवसातून एकदाच लागणाऱ्या, हलक्या आणि फुगीर सामानाला ही उत्तम. मला खिसा हवा होता, ही तर अंथरूण निघाली. परत केली.

१९ जानेवारी

डबा-बॅगेचं माऊंट बसवलं. काम वीस मिनिटांचं, लागला दीड तास.

माऊंट प्लास्टिकचं आहे. त्यातून स्टीलची बारीक वायर निघते, बारवरून मागे जाते, स्टेमखालून वळसा घेते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा माऊंटमध्ये शिरते. आतल्या स्क्रूंनी ती चिमटली जाते. वायरचा हा वळसाच बॅगेला पुढे झुकू देत नाही. नुसत्या चिमट्याच्या पकडीवर ते काम सोडलं तर बॅग हळूहळू नाक खाली करते. पहिल्यांदा मी वायर गिअरच्या केबलवरून नेली होती. सोडून पुन्हा केबलखालून घेतली.

कमानीचा प्रश्न आवरण बदलून सुटला. दोन्ही केबलांना आधीच्यापेक्षा तीन सेंमीने लांब आवरण घातलं, म्हणजे कमान मोठी होऊन बॅगेच्या वरून जाते. दिसायला ध्यान आहे, पण गिअर लोण्यासारखे पडतात. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितलं: केबल ताणली जात नाही, बॅग फ्रेमला लागत नाही.

२१ जानेवारी

पहिली फेरी, ४२ किलोमीटर. बॅग तोंडोतोंड भरून.

सपाटीवर वेगात काही जाणवलं नाही. चढ लागला, वेग ताशी सात-आठवर आला आणि हँडल माझ्याशी वाद घालायला लागलं. जरा डावीकडे झुकलं की आणखी झुकायला बघे. सरळ आणायला गेलो की उजवीकडे जाई. उतारावर एक हात सोडून चष्मा नाकावर ढकलला, तर पुढचं चाक थरथरायला लागलं. गुडघा आडव्या नळीला घट्ट दाबला तशी थरथर थांबली. ही युक्ती ठाऊक होती म्हणून बरं, नाहीतर घाबरून ब्रेक आवळला असता.

घरी येऊन हिशेब केला. सुकाणूचा कणा म्हणजे हेड ट्यूबची, हँडल जिच्यात फिरतं त्या पुढच्या नळीची रेषा. ती खाली जमिनीपर्यंत वाढवली तर टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात. माझ्या सायकलचा हेड अँगल (त्या रेषेचा जमिनीशी कोन) ७२ अंश, फोर्कचा बाक ४५ मिमी, चाकाची त्रिज्या टायरसकट सुमारे ३४९ मिमी. त्यावरून ट्रेल येतो ६६ मिमीच्या आसपास. ट्रेल जास्त असला की वेगात सायकल आपोआप सरळ राहते, पण कमी वेगात हँडल वळलं की सायकलचं तोंड किंचित खाली बसतं आणि पुढे टांगलेलं वजन त्याला आणखी ओढतं. त्या फ्रेंच सायकलींचा ट्रेल ३० ते ४० मिमी ठेवलेला असायचा, तो याच कारणासाठी. माझी सायकल मागच्या वजनासाठी बनलेली आहे, तिच्या तोंडावर पाच किलो टांगले तर ती कुरकुरणारच.

२२ जानेवारी

ताईला हे सगळं सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भूमिती राहू दे. आत काय काय कोंबलंयस ते आधी बाहेर काढ.”

टेबलावर मांडलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. कुलूप ११२० ग्रॅम. कॅमेरा ७८०. पंप आणि हत्यारं ६४०. पॉवर बँक ३६५. खाऊ ३००. पावसाळी जॅकेट २९०. चार्जर आणि वायरी २३०. वही-पेन २१०. पाकीट आणि कागदपत्रं १५०. चष्मा घरासकट ११०. एकूण ४१९५ ग्रॅम, वर रिकामी बॅग ७८० ग्रॅमची. म्हणजे पाच किलोला २५ ग्रॅम कमी. माऊंटची मर्यादा बॅग धरून पाच किलोच आहे.

“कुलूप चालता चालता उघडतोस का?” ताईने विचारलं.

नाही.

“पंक्चर चालता चालता काढतोस का?”

कुलूप मागच्या उजव्या पॅनियरच्या तळाशी गेलं. पंप आणि हत्यारं सीटखालच्या पिशवीत. चार्जर मुक्कामाला लागतो, तोही मागे. उरले २२०५ ग्रॅम, बॅगेसकट तीन किलोला थोडे कमी. तिच्या प्रश्नाची मी चाळणीच करून टाकली: सीटवरून न उतरता किंवा एक पाय टेकवून जे लागतं तेवढंच पुढे.

संध्याकाळी तोच चढ पुन्हा चढलो. हँडल जड आहे, पण आता ऐकतं.

२९ जानेवारी

माऊंट फिरलं. खराब रस्त्यावर ११० किलोमीटर झाल्यावर बॅगेचं नाक दोन सेंमी खाली आलेलं दिसलं. तीनच किलो असताना कसं काय? बॅगेचा गुरुत्वमध्य बारपासून सुमारे १३ सेंमी पुढे आहे. उभ्या सायकलवर तीन किलोचा पीळ चार न्यूटन-मीटरच्या जरा खाली येतो. खड्ड्यात चाक आदळून क्षणभर तिप्पट भार आला तर तो अकरा-बाराच्या घरात जातो. स्टेमचे बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरला आवळतात, त्यामानाने हा पीळ मोठाच. प्रत्येक खड्डा माऊंटला पान्यासारखा फिरवू बघतो.

माऊंट खोलल्यावर चूक माझीच निघाली. वायर पुरती ताणायच्या आधीच स्क्रू आवळले होते. या वेळी माऊंट हवं त्यापेक्षा थोडं वर तोंड करून धरलं, पक्कडीने वायर ओढून घेतली, मग स्क्रू आवळले आणि माऊंट खाली दाबून वायर तिच्या जागी बसू दिली. बार आणि माऊंटच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा असं वाटलं होतं, पण रबर दबत जातं आणि पकड पुन्हा सैल होते. कोरडंच बसवलं. पांढऱ्या पेनने बारवर आणि माऊंटवर मिळून एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की माऊंट फिरलं.

४ फेब्रुवारी

आजचा दिवस लाजिरवाणा.

बॅगेच्या आत मोकळा डबा आहे, सगळं तळाशी जाऊन एकमेकांवर घासतं. कॅमेऱ्याच्या कडेला पाकिटाची चेन लागून ओरखडा पडला. म्हणून काल रात्री मी जाड सुई आणि नायलॉनचा दोरा घेऊन आतल्या भिंतीला छान खिसा शिवला. चौदा टाके, सरळ रेषेत. स्वतःवर खूश होतो.

आज पाण्याची परीक्षा. आत कोरडे कागद ठेवले, झाकण लावलं आणि पाइपने दहा मिनिटं चारी बाजूंनी पाणी मारलं. झाकणाखालून एक थेंब आला नाही. कागदावर मात्र ओल्या ठिपक्यांची रांग. मोजली, चौदा.

हे कापड टीपीयू या लवचिक प्लास्टिकचा लेप दिलेलं नायलॉन आहे आणि जोड शिवलेले नसून वितळवून चिकटवलेले आहेत. कंपनीने जिथे सुई लावायचं टाळलं, नेमकी तिथेच मी लावली. बॅगेवर आयपी ५४ लिहिलंय, म्हणजे धूळ-पाणी किती अडतं त्याचा दर्जा. त्यातल्या दुसऱ्या आकड्याचा, म्हणजे ४चा अर्थ, कुठल्याही दिशेने शिंतोडे आले तरी चालेल. ७ असता तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवता आली असती, पण मला नदीत पोहायचं नाहीये. मला पाऊस पुरे होता आणि तोही मी आत घेतला.

ताईने टाके उसवले. “भिंतीला हात न लावता आत वेगळं घर बसवायचं, एवढं साधं सुचू नये?” असं म्हणून तिने जुन्या योगा मॅटचा तुकडा मागवला. भोकं मी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीच्या ठिगळांनी बंद केली, आधी स्पिरिटने पुसून. पुन्हा पाणी मारलं, कागद कोरडे. ताईचं घर म्हणजे फोमचा अखंड पट्टा, आतून कडेकडेने फिरवलेला, आणि मध्ये एक आडवा पडदा. कॅमेरा डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे. वजन ६० ग्रॅम.

११ फेब्रुवारी

फोन झाकणावरच्या पारदर्शक कप्प्यात ठेवून नकाशा बघत होतो. चालताना सगळं ठीक. तिठ्यावर थांबलो की नकाशा गर्रकन फिरे आणि बाण भलतीकडे. दोनदा चुकीच्या रस्त्याला लागलो. फोनला शिव्या घालून झाल्या.

कारण बोटाला चिकटलं तेव्हा कळलं. म्हणजे बोटात किल्ली होती, ती चिकटली. बॅगेचं झाकण लोहचुंबकांनी बंद होतं, एक डाव्या कोपऱ्यात, एक उजव्या. फोनमधलं होकायंत्र त्या चुंबकालाच उत्तर समजत होतं. चालताना फोन उपग्रहावरून मिळणाऱ्या एकामागून एक जागांवरून दिशा काढतो, म्हणून फरक पडत नाही. थांबल्यावर होकायंत्राकडे बघतो आणि फसतो. फोन कप्प्याच्या मधोमध सरकवला तर चूक कमी होते, पण जात नाही.

तसाही तो कप्पा फोनसाठी वाईटच आहे. उन्हात फोन तापून पडदा अंधारतो आणि पावसात प्लास्टिकवरून बोट उमटत नाही. फोन आता स्टेमवर वेगळ्या चिमट्यात. कप्प्यात कागदी नकाशा, दिवसाचा टप्पा बाहेर येईल अशी घडी घालून. त्याला ना चार्जिंग लागतं ना उत्तर दिशा विचारावी लागते.

१८ फेब्रुवारी

दिव्याचं बघायचं राहिलं होतं. बारवरचा दिवा बॅगेच्या मागे गेला आणि बॅगेलाच उजळत होता. खाली फोर्कच्या माथ्यावर, मडगार्डच्या बोल्टवर हलवला. तिथून प्रकाश खालून येतो, त्यामुळे लहान खड्ड्यांच्याही लांब सावल्या पडतात. पहिल्या रात्री प्रत्येक खडा मला विहीर वाटला. दुसऱ्या रात्री सवय झाली.

२७ फेब्रुवारी

तीन दिवसांची चाचणी फेरी संपली. रोज वहीत रेघा मारल्या, कशासाठी किती वेळा हात गेला. कॅमेरा ३१. खाऊ २६. चष्मा ९. पाकीट ७. जॅकेट २. पॉवर बँक ३, त्यातली दोन वेळा ती नुसती हलवली, चष्मा तिच्याखाली होता म्हणून. वही रेघा मारायलाच काढली, ती धरत नाही.

यावरून आतली मांडणी बदलली. जॅकेट तळाला घडी घालून, त्याची गादी होते आणि खडखडही थांबते. पॉवर बँक जॅकेटच्या पोटात. खाऊ उजव्या वरच्या कोपऱ्यात, कारण मी उजव्या हाताने खातो. कॅमेऱ्याचा पट्टा नेहमी वर आणि मोकळा, म्हणजे न बघता बोट अडकवून उचलता येतो.

झाकण माझ्यापासून दूर, पुढच्या बाजूला उघडतं. आधी हे उलटं वाटलं होतं. पण माझ्याकडे उघडणारं झाकण स्टेमवरच्या फोनला अडलं असतं, आणि असं पुढे उघडलेलं झाकण वारा अडवतं. फक्त जोराचा वारा समोरून आला की ते फाडकन परत आपटतं. बोटांवर दोनदा.

पट्टा लावून बॅग खांद्याला अडकवणं ही या खरेदीची सगळ्यात मोठी मिळकत ठरली. कळ दाबली, बॅग हातात. मागचे पॅनियर सायकलवर राहतात, पण पैसे, कागद आणि कॅमेरा माझ्याबरोबर आत येतात. याआधी दर थांब्याला काय काढू आणि काय ठेवू यातच पाच मिनिटं जायची.

मित्राला सांगितलं, ही परत मिळायची नाही. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं,” आणि नव्या बॅगेचे पैसे माझ्याकडून घेतले. चौदा भोकं पाडून परत द्यायला तोंड तरी कुठे होतं?

१६ मार्च

नऊ दिवस, ६८४ किलोमीटर. दोन दिवस पाऊस. ठिगळं धरून राहिली.

पाचव्या दिवशी लांब उतारावर पुन्हा ती थरथर आली. थांबून बघितलं तर बाटलीला जागा नव्हती म्हणून सकाळी मी अर्ध्या लिटरची भरलेली बाटली बॅगेत घातली होती. वजन अर्धा किलो वाढलं, तेही सगळं उजवीकडे. बाटली मागे टाकली, थरथर गेली.

रात्री बॅग सायकलवर राहिली नाही एकदाही. सातव्या दिवशी घाईत अर्धवट अडकवली, कळ पूर्ण बसली नाही, आणि पहिल्याच उंचवट्यावर बॅग उडून मडगार्डवर आदळली. आता अडकवल्यावर मी ती दोन्ही हातांनी वर ओढून बघतो. टक् असा आवाज आला म्हणजे बसली, यावर विश्वास ठेवत नाही.

१८ मार्च

सगळं खोलून धुतलं. हेड ट्यूबवर केबलचं आवरण घासून रुपयाएवढा रंग गेलाय, तिथे पारदर्शक पट्टी लावली. फोमचा पडदा एका कडेला दबलाय, पण चालेल. झाकणाच्या बिजागरीपाशी कापडाला पांढरी सुरकुती पडली आहे, लेप अजून शाबूत.

माऊंटची वायर मात्र बदलायला हवी. स्टेमखाली वळसा घेते तिथे नख फिरवलं तर टोचतं: बाहेरच्या पदरातल्या दोन तारा तुटून वर आल्यात. रेघ अजून सरळ आहे, म्हणजे माऊंट फिरलेलं नाही, तरीही. नवी वायर मागवली आहे. ती बसवली की माऊंटच्या आतल्या बाजूला तारीख लिहायची आणि या वेळी वायर ताणल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही.

ताई बॅग मागतेय, तिच्या सायकलसाठी. तिचा बार २५.४चा आहे. माप घेऊन ठेवलंय.